‘काय झालं?’ हे मी विचारलंच नव्हतं

मागच्या ऑगस्टमध्ये बार रूममधून निघता निघता व्हॉट्सॲपवर निरोप आला. विधी सेवेच्या पॅनेलवरच्या वकिलांसाठी शनिवार-रविवार प्रशिक्षण, ठिकाण छत्रपती संभाजीनगर, विषय ‘न्यायप्रक्रियेतील सुप्त पूर्वग्रह’, म्हणजे आपल्याही नकळत मनात बसलेले ग्रह. हजेरी अपेक्षित. मला पहिल्यांदा वाटलं ते हेच, की हे आपल्यासाठी नाही. बीड जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयात मी सतरा वर्षं वकिली करते. त्यातली अकरा वर्षं मोफत विधी साहाय्याच्या पॅनेलवर आहे. ज्यांच्यामागे कुणी उभं राहत नाही त्यांची वकीलपत्रं मी घेते. ऊसतोडीच्या बायका, पारधी, वैदू, मसणजोगी, सगळे माझे पक्षकार. माझ्याच मनात पूर्वग्रह असता तर मी हे काम कशाला धरलं असतं, असं मला मनापासून वाटत होतं.

तरी गेले. पहाटेच्या एसटीने, गेवराईमार्गे. हॉलमध्ये आम्ही बावीस वकील होतो, त्यात बायका सहा. कामावरचे न्यायाधीश कुणी नव्हते. त्यांची प्रशिक्षणं उत्तनच्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीत होतात, वेगळी. ही गोष्ट मला तेव्हा खटकली नाही, नंतर खटकली.

भाषणाला सुरुवात व्हायच्या आधीच कागद वाटले. एक पानी प्रकरण होतं. दुचाकी चोरीचा गुन्हा, आरोपी पवार, वय २४, मजुरी करतो, गाडी त्याच्याकडून जप्त, आधी कुठल्याही गुन्ह्यात शिक्षा नाही. पाच मिनिटांत लिहायचं: आरोपी भेटल्यावर पहिले तीन प्रश्न कोणते विचाराल आणि जामीन मागताना कोणत्या अटींना तयारी दाखवाल. रिमांडची कामं करणाऱ्या वकिलाला हे झोपेतून उठवलं तरी येतं. मी भराभर लिहिलं. याआधी किती गुन्हे दाखल आहेत? कोणकोणत्या ठाण्यात नाव आहे? जामीनदार मिळेल का? अटी: दर सोमवारी ठाण्यात हजेरी, तालुका सोडायचा नाही, स्थानिक जामीनदार.

मग उजव्या बाजूच्या रांगांनी आपले कागद वाचायला सुरुवात केली. त्यांनी लिहिलं होतं: काय झालं? गाडी तुझ्याकडे कशी आली? घरी कोण आहे? शिकलास किती? अटींच्या जागी बहुतेकांनी नुसता जातमुचलका, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःचीच हमी, लिहिला होता. आमच्या डाव्या रांगांतल्या कागदांवर मात्र सगळीकडे तेच ते, आधीचे गुन्हे, हजेरी, जामीनदार. प्रशिक्षकांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी भिंतीवर लावले. मजकूर अक्षरशः एकच होता. नाव एक, वय एक, गाडी एक. फरक फक्त पत्त्याच्या ओळीत होता. त्यांच्या कागदावर ‘रा. शिवाजीनगर’ आणि आमच्या कागदावर ‘रा. पारधी पेढी’, म्हणजे पारध्यांची वस्ती.

इथे थोडं सांगायला हवं. आडनाव विचारून जात ताडायची सवय आपल्याकडे सगळ्यांनाच आहे. पण पारध्यांच्या बाबतीत ती सवय चालत नाही, कारण त्यांच्यातही पवार, काळे, भोसले, शिंदे, चव्हाण हीच आडनावं. म्हणून आपली नजर नावावरून पुढे सरकते आणि पत्त्यावर थांबते. ‘पेढी’ हा शब्द वाचला की पुढचं वाचायच्या आत डोक्यात एक मिसल, म्हणजे केसची फाइल, तयार होते. मी वाचलं होतं ‘आधी शिक्षा नाही’. ते स्पष्ट छापलेलं होतं. तरी माझा पहिला प्रश्न ‘याआधी किती गुन्हे’ हाच होता.

आणि मला एक बाई आठवली.

२०१६ सालची गोष्ट. घरफोडीच्या एका गुन्ह्यात पेढीवरचा एक तरुण माझ्याकडे विधी सेवेतून आला. जामीन मंजूर झाला, पण सातबारा असलेला जामीनदार त्याला मिळेना, म्हणून तो सात महिने आत राहिला. ओळख परेडमध्ये इतके दोष निघाले की खटला उभाच राहिला नाही आणि तो निर्दोष सुटला. निकालाच्या दिवशी मी खुशीत होते. कोर्टाच्या व्हरांड्यात त्याची बायको कडेवर पोर घेऊन उभी होती. ती पाया पडेल असं मला वाटलं असावं. ती म्हणाली, “वकीलबाई, तुमी येकदाबी इचारलं न्हाई, त्यानं केलंय का न्हाई म्हून.”

मी तिला कायद्याचं उत्तर दिलं. केलं की नाही हे वकिलाने विचारायचं नसतं, गुन्हा सिद्ध करणं सरकार पक्षाचं काम, वगैरे. उत्तर चुकीचं नाही. पण माझ्या तोंडी ते खोटं होतं. कारण त्याच महिन्यात बाजारपेठेतल्या एका दुकानदाराच्या मुलाचं मारामारीचं प्रकरण माझ्याकडे आलं होतं. त्याला मी खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि “सगळं अगदी पहिल्यापासून सांग” म्हणत पाऊण तास ऐकलं. पेढीवरच्या माणसाशी माझं बोलणं झालं ते कोर्टाच्या पायरीवर, उभ्याउभ्या, पाच मिनिटं. नऊ वर्षं ते वाक्य माझ्याबरोबर होतं आणि मी त्याला अडाणी बाईचा गैरसमज समजत होते. हॉलमध्ये भिंतीवरच्या त्या दोन कागदांकडे बघताना मला ते पहिल्यांदा कळलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते लपवलं नाही.

दुपारच्या सत्रात एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश बोलले. त्यांनी इतिहास सांगितला तो बहुतेकांना तुकड्यातुकड्यांनी माहीत होता. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्यात अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ साली रद्द झाला, आणि त्याची आठवण म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. पण कायदा रद्द झाला म्हणून ठाण्यातल्या नोंदवह्या आणि आपल्या नजरा बदलल्या नाहीत. मग त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा ५ मार्च २०१९ चा निकाल वाचून दाखवला. महाराष्ट्रातलं २००३ सालचं दरोडा आणि खुनाचं प्रकरण. भटक्या जमातीतले सहा मजूर आरोपी, त्या सगळ्यांना फाशी, उच्च न्यायालयाने त्यांतल्या तिघांची जन्मठेपेवर आणली, पण २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच दिलेली. प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदाराने पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्या चौघांचा पुढे नीट तपासच झाला नाही. दहा वर्षांनी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि राज्याने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असं सांगितलं. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायाधीश वाचत होते तेव्हा हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

“हे निकाल देणारे दुष्ट नव्हते,” ते म्हणाले. “मीही तिथे असतो तर काय केलं असतं ते मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.” मग त्यांनी अमेरिकेतल्या न्यायाधीशांवरचा एक अभ्यास सांगितला. एका परिषदेत जमलेल्या न्यायाधीशांना विचारलं होतं, की निकाल देताना वांशिक पूर्वग्रह टाळण्यात इथे जमलेल्या इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे बसता? ३६ पैकी ३५ जणांनी स्वतःला वरच्या अर्ध्या भागात बसवलं. माझ्यासाठी हे नाही, असं म्हणत मीही एसटीत बसले होते.

दुसरा प्रयोग मानसशास्त्राच्या एका प्राध्यापिकेने घेतला. मधल्या रकान्यात शब्द, आणि प्रत्येक शब्दासमोर डावीकडे किंवा उजवीकडे खूण करायची. आधी फुलं-किडे आणि चांगले-वाईट शब्द यांच्या जोड्या, मग वस्त्यांची नावं आणि ‘प्रामाणिक’, ‘चोरटा’, ‘कष्टाळू’, ‘लबाड’ असे शब्द. २० सेकंदांत किती खुणा होतात ते मोजायचं. शिवाजीनगर आणि प्रामाणिक एका बाजूला असताना माझ्या २३ खुणा झाल्या. पेढी आणि प्रामाणिक एका बाजूला आले तेव्हा १४. हात अडखळत होता, मला तो जाणवत होता, आणि तो मला थांबवता येत नव्हता. १९९८ साली अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या चाचणीवर हे बेतलेलं होतं. ही चाचणी ज्यांच्या कामामुळे जगभर गेली त्या महजरीन बानाजी सिकंदराबादच्या, उस्मानिया विद्यापीठात शिकलेल्या. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, माझ्या आजोबांची सनदही हैदराबादची. आपल्याच जुन्या राजधानीतून निघालेला प्रश्न जगभर फिरून आपल्यापर्यंत आला, याचं मला फार वाटलं.

प्राध्यापिकेने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली म्हणून मी तिला मानते. या चाचणीवरून एखाद्या माणसावर शिक्का मारता येत नाही. आज केली आणि महिन्याने केली तर आकडे बदलतात. आणि प्रशिक्षणाने चाचणीतले आकडे सुधारले तरी माणसाची वागणूक त्याबरोबर सुधारतेच असं संशोधनात दिसत नाही. मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ वकील म्हणाले, “मग आम्हाला इथं बोलावलं कशाला?” ती म्हणाली, “मन लवकर बदलत नाही, सर. पण तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारता ते उद्यापासून बदलता येतं. तुमचा फॉर्म बदला.” दोन दिवसांतलं सगळ्यात कामाचं वाक्य माझ्यासाठी हे.

रविवारी सकाळी शब्दांवर सत्र होतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्त्रियांविषयीच्या साचेबंद समजुतींवर एक पुस्तिका काढली. निकालपत्रांत आणि अर्जांत कोणते शब्द टाळावेत, त्याऐवजी कोणते वापरावेत, याची यादी तिच्यात आहे. ती वाचली. पण यादीतले शब्द इंग्रजी, आणि आमचे अर्ज मराठीत. म्हणून आम्ही प्रत्येकाने आपल्या फाइलमधला एक जुना अर्ज काढला आणि लाल पेनाने खुणा केल्या. माझ्या पोटगीच्या अर्जांत ‘अर्जदार ही घरंदाज व सुशील स्त्री असून’ हे वाक्य दरवेळी. जणू घरंदाज नसलेल्या बाईला पोटगीचा हक्क नाही. नवऱ्याच्या बाजूने केलेल्या अर्जांत ‘हट्टी व तापट स्वभावाची’, ‘नांदण्यास टाळाटाळ करणारी’. एकीकडेही मी पक्षकाराला विचारून हे लिहिलेलं नव्हतं. माझ्या सिनियरांच्या मसुद्यातून ते माझ्याकडे आलं, माझ्याकडून माझ्या ज्युनियरकडे गेलं. एका अर्जात दुसऱ्या बाईसाठी मी ‘रखेल’ लिहिलं होतं. त्या बाईला मी कधी पाहिलेलंही नाही.

त्यानंतर ऊसतोड बायकांत काम करणाऱ्या एक ताई आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला: तुमच्या कोर्टात साक्षीदारांवर वॉरंट सगळ्यात जास्त कोणत्या महिन्यांत निघतात? आम्ही बीड-धाराशिवकडचे वकील एकमेकांकडे बघत राहिलो. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. परततात मार्च-एप्रिलला. मधल्या तारखांना पुकारा होतो, ‘गैरहजर’ लिहिलं जातं, मग वॉरंट. त्या बाईला उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटेपर्यंत फडातून हलता येत नाही हे कोर्टातल्या प्रत्येकाला माहीत असतं. शिपायापासून साहेबांपर्यंत. तरी रोजनाम्यात ती ‘बेपर्वा’ ठरते. तिच्याबद्दल कुणाच्या मनात राग असावाच लागत नाही. तारीख द्यायची जी पद्धत आहे तिच्यातच तो पूर्वग्रह भरलेला आहे.

संपताना चर्चा निघाली ती सक्तीची. काहींचं म्हणणं, असली प्रशिक्षणं ऐच्छिक असावीत, वकिलाला शाळकरी पोरासारखं बसवू नये. मी उठून बोलले. माझी वकिलीची सनद २००८ ची. तेव्हा अखिल भारतीय बार परीक्षाही नव्हती. म्हणजे सनद हातात पडली त्या दिवसापासून आजपर्यंत, मी काय शिकते, शिकते की नाही, हे मला कुणी विचारलेलं नाही. तिकडे कॅलिफोर्नियात वकिलाला दर ३ वर्षांत २५ तास शिक्षण घ्यावं लागतं, आणि २०१९ च्या कायद्यानंतर त्यात सुप्त पूर्वग्रहावरचा किमान एक तास सक्तीचा झाला. एक तास पुरेसा नाही, पण नियम तर आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२१ रोजी एका निकालात यावर बोट ठेवलं. विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना, त्याने फिर्यादी बाईच्या घरी जाऊन राखी बांधून घ्यावी, अशी अट उच्च न्यायालयाने घातली होती. ती रद्द करताना न्यायालय म्हणालं, की न्यायाधीशांच्या पायाभूत प्रशिक्षणात लिंगभाव संवेदनशीलता शिकवा आणि बार परीक्षेच्या अभ्यासक्रमातही तो विषय सक्तीने घ्या. चांगलंच झालं. पण माझ्यासारखी, जी परीक्षेच्या आधी सनद घेऊन बसली आहे आणि रोज उभी राहून माणसांच्या सुटकेचं बोलते, ती यात कुठेच येत नाही. आणि त्यात जात, जमात, वस्ती, बोली हेही यायला हवं. ऐच्छिक ठेवलं तर कोण येणार? ज्याला स्वतःबद्दल शंका आहे तो येईल. मीच आले नसते.

न्यायाधीश वेगळे आणि वकील वेगळे बसवण्याबद्दलही बोलले. जामिनाची अट एकटे साहेब ठरवत नाहीत. मी ‘हजेरीला तयार आहोत’ असं आधीच लिहून देते, सरकारी वकील ‘सराईत’ म्हणतात, साहेब लिहितात. तिघांची चूक एकाच कागदावर होते, मग तिघांनी एकाच खोलीत बसून ते भिंतीवरचे दोन कागद बघायला काय हरकत आहे?

परत आल्यावर पहिलं काम केलं ते फॉर्मचं. रिमांडच्या भेटीसाठी एक पान छापून घेतलं. पहिली ओळ: काय झालं, त्याच्या शब्दांत. दुसरी: त्या दिवशी, त्या वेळी कुठे होता, कुणासोबत. तिसरी: घरी कोण, कामधंदा काय. आधीच्या गुन्ह्यांचा रकाना पानाच्या मागे. दुकानदाराचा मुलगा असो की पेढीवरचा, पान एकच, आणि दोघांनाही खुर्ची. पहिल्या आठवड्यात मी दोनदा पान उलटं धरून मागूनच सुरुवात केली होती. सवय फार चिवट असते.

एप्रिलमध्ये पेढीवरचा एक मुलगा रिमांडला आला. वय वीस-एकवीस. जानेवारीतल्या मोटारपंपाच्या चोरीत ‘तपासात नाव निष्पन्न’. मी पान पुढे ओढलं आणि विचारलं, काय झालं? तो गप्प. आईकडे बघितलं, दोघं आपसात पारधीत बोलले. मी थांबले. आधीची मी असते तर ‘बोल लवकर, साहेब बसायचेत’ म्हणाले असते. मग आई म्हणाली, “बाई, जानेवारीत आमी हितं कुठं व्हतो? कारखान्यावर व्हतो की.” टोळीत? “व्हय. मुकादमाला इचारा.”

मुकादमाच्या वहीत उचलीची नोंद होती. त्याहून पक्की गोष्ट म्हणजे काटा पावत्या, उसाच्या वजनाच्या, त्या बैलगाडीच्या नावाच्या, तारीख आणि वेळेसकट. चोरी झाली त्या रात्री आणि दुसऱ्या पहाटे ती गाडी दीडशे किलोमीटरवरच्या कारखान्याच्या काट्यावर होती. पावत्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत नीट घडी घालून ठेवलेल्या. आई म्हणाली, “पोलिसांना दावल्या, त्यांनी बघितल्याच न्हाईत.”

जामीन अर्जाला पावत्या जोडल्या. पेढी हा शब्द मी अर्जात ठेवला, कारण तो त्याचा पत्ता आहे आणि लपवण्यासारखा नाही. पण हजेरीची तयारी दाखवणारं वाक्य काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाचा ३ ऑक्टोबर २०२४ चा निकालही जोडला, ज्यात विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांना अटकेबाबतची मार्गदर्शक तत्त्वं पाळायला सांगितलं आहे आणि तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला लावला आहे. सरकार पक्षाने दोन जुने गुन्हे दाखवले. दोन्हींत तो निर्दोष सुटलेला होता, ते मी निकालाच्या नकलांसह पुढे ठेवलं. साहेबांनी पावत्या एकेक करून बघितल्या. जामीन मंजूर झाला, २५,००० रुपयांचा एक जामीनदार.

जामीनदार पुन्हा मिळेना. पेढीवर कुणाच्या नावे सातबारा नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरिबाच्या जामिनाबद्दल लिहिलं त्याला किती वर्षं झाली, आणि आम्ही अजून तिथेच. या वेळी मी सात महिने थांबले नाही. जामीन होऊन महिन्यात बंधपत्र भरता आलं नाही तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेश आहे. एकतिसाव्या दिवशी अर्ज दिला. जातमुचलक्यावर सुटका झाली. तो कारागृहाच्या दारातून बाहेर आला तेव्हा आईने त्याला आधी पाणी पाजलं, मग पेटीतल्या उरलेल्या पावत्या माझ्याकडे दिल्या, म्हणाली तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, खटला व्हईस्तोवर.

खटला अजून चालू आहे. दोषारोप ठेवायची पुढची तारीख नोव्हेंबरची होती. टोळी तोवर निघून जाईल असा अर्ज देऊन ती सप्टेंबरवर आणून घेतली. बार रूममध्ये आम्ही एक निवेदन फिरवतो आहोत: तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा असं सत्र, वकील, सरकारी वकील आणि न्यायाधीश एकत्र, विधी सेवेच्या पॅनेलसाठी सक्तीचं. साठ वकिलांपैकी एकोणीस सह्या झाल्या आहेत. निवेदनाला जोडायला मी ते दोन कागद मागवून घेतले, शिवाजीनगरचा आणि पेढीचा.